विद्वानांचे वर्ग आणि बोहाड्याची सोंगे



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. विद्वान ठीक आहेत, बोहाडा तर आपल्या घरचाच. पण त्यांच्यामध्ये मुलांच्या मोबाइलवरचे खेळ कशाला आणले, असे कोणीही विचारील. त्याचा खुलासा प्रथम करतो.

आमचा नातू अकरा वर्षांचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दिवसभर एका खेळात गढलेला असतो. त्या खेळात गुहा आहेत, राक्षस आहेत, ओसाड किल्ले आहेत. एके दुपारी त्याने मान वर न करताच आम्हांस विचारले, "आबा, तुमचा क्लास कोणता?" आम्ही म्हटले, "अरे, शिकवणे सोडून आम्हांस किती वर्षे झाली, आता कुठला क्लास?" तो हसू लागला. "तो क्लास नाही हो. तुम्ही योद्धा, मांत्रिक, की चोर?" आम्ही थोडा विचार केला. हातात तलवार धरण्याची ताकद नाही, चोरी करण्याचे धाडस नाही; तेव्हा उरलेला पर्याय मांत्रिकाचा, असे त्यास सांगितले. त्याने आमच्याकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाला, "असाल. पण तुमचे मंत्र संपलेत."

ह्या बोलण्याचा राग येण्याऐवजी आम्हांस कुतूहल वाटले. हे वर्ग कोणी पाडले, कशावरून पाडले, आणि ज्या विद्येच्या धंद्यात आमचा जन्म गेला तेथेही कोणी असेच वर्ग पाडून ठेवले आहेत काय, ह्याचा आम्ही शोध घेऊ लागलो. तो शोध फिरत फिरत शेवटी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर येऊन थांबला. म्हणून हे व्याख्यान पुण्यामुंबईस न देता येथेच द्यावे असे वाटले.

आधी खेळाची हकीकत सांगतो. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी, १९७४ साली, अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोन गृहस्थांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळण्याचा खेळ छापला. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यावयाचे आणि त्या पात्राचा वर्ग ठरवावयाचा. आरंभी वर्ग तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. पुढल्याच वर्षी चोराचा वर्ग आला. समाजात चोर नेहमी थोडा उशिरानेच मान्यता पावतो, तसे तेथेही झाले म्हणावयाचे. पात्राच्या अंगी सहा गुण धरलेले : बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि लोकांवर छाप पाडण्याची शक्ती. तीन फासे टाकून जो आकडा येईल तो गुण, म्हणजे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८. येथे एक बारकावा आम्हांस फार आवडला. बुद्धी आणि शहाणपण ह्या दोन गोष्टी त्या लोकांनी निराळ्या धरल्या आहेत. मांत्रिकाला बुद्धी लागते, पुरोहिताला शहाणपण लागते, आणि एक असले म्हणजे दुसरे असेलच असे नाही. विद्यापीठाच्या सभांतून ज्यांनी तासन्‌तास काढले आहेत त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. दुसरा बारकावा मांत्रिकाच्या मंत्राचा. एकदा मंत्र म्हटला की तो त्याच्या स्मरणातून पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पोथी उघडून पुन्हा पाठ करावा लागतो. 'तुमचे मंत्र संपलेत' ह्याचा अर्थ तो होता. तीसपस्तीस वर्षे शिकविलेल्या माणसास त्याने याहून अचूक काय सांगितले असते?

आणि ज्या गायगॅक्स महाशयांनी माणसांचे असे कप्पे पाडले, ते स्वतः कोणत्या कप्प्यात होते? ते विमा कंपनीत नोकरीस होते. १९७० साली ती नोकरी गेली. मग घरी बसून जोडे दुरुस्त करून त्यांनी संसार चालविला आणि फावल्या वेळात खेळ लिहिला. विमा, जोडे आणि राक्षस हे तिन्ही ज्यात बसतील असा वर्ग त्यांच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही.

पुढे हे खेळ संगणकावर आले. १९८१ सालच्या 'विझार्ड्री' नावाच्या खेळात वर्ग आठ झाले, आणि वर्ग बदलण्याची सोयही झाली. मात्र त्याची किंमत मोजावी लागे. जो वर्ग बदलील तो पुन्हा पहिल्या पायरीवर येई आणि त्याचे वय एकदम काही वर्षांनी वाढे. शिकलेले मंत्र तेवढे शिल्लक राहत. ज्यांनी चाळिशीत विषय बदलला आहे त्यांनी हा नियम वाचला, तर खेळ करणारा मनुष्य अनुभवी होता अशी त्यांची खात्री पटेल.

आता आमच्या धंद्याकडे वळतो. विद्येच्या क्षेत्रातही पात्र निवडण्याचा एक फळा टांगलेला असतो : अध्यापक, संशोधक, समीक्षक, संपादक, कवी, कादंबरीकार. मुलगा बारावी झाला की त्या फळ्यासमोर उभा राहतो. पूर्वी पायऱ्या चढण्याचा हिशेब निदान मोघम होता. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत घातली. निबंध छापला की इतके गुण, परिषदेत वाचला की इतके, पुस्तकाचे इतके. राक्षस मारला की गुण आणि सोन्याची थैली उचलली की गुण, असा जो गायगॅक्सचा हिशेब होता, त्याचेच हे सरकारी भाषांतर. २०१८ साली नियम बदलले, तरी संशोधनाचे गुण मोजणे राहिलेच. परिणाम काय झाला, तर सगळेच जण राक्षस मारीत सुटले, आणि तेवढे राक्षस उपलब्ध नसल्यामुळे उंदीर मारून त्यांची राक्षस म्हणून नोंद होऊ लागली. असो. ह्या विषयावर बोलू लागलो तर रात्र पुरणार नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांची नावे आपण आदराने घेतो त्यांच्यापैकी फारच थोडे फळ्यावरच्या एका वर्गात बसतात. कोसंबी पितापुत्रांचे पाहा. धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यात साखवाळ येथे जन्मले. शाळेचे शिक्षण जेमतेम, आणि घरची नारळाची बाग सांभाळण्याचे काम. एका मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि मनाने असा ध्यास घेतला की १८९९ साली घर सोडले. पुण्यास आले, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळात गेले, आणि तेथून सिंहलद्वीपात जाऊन भिक्षू झाले. पुढे कलकत्त्यास पाली शिकविली, हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनास बसले, फर्ग्युसन कॉलेजात अध्यापक झाले, आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. भिक्षू, अध्यापक, ग्रंथसंपादक, सत्याग्रही, आत्मचरित्रकार. ह्यांतला त्यांचा 'वर्ग' कोणता? प्रत्येक वेळी ते पहिल्या पायरीवर आले आणि प्रत्येक वेळी मागचे मंत्र बरोबर घेऊन आले. १९४७ साली सेवाग्रामास त्यांनी उपोषणाने देह ठेवला.

त्यांचे चिरंजीव दामोदर हे हार्वर्डचे पदवीधर, गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते आणि पुण्याहून रेल्वेने जा-ये करीत. गणितातले संख्याशास्त्र प्रत्यक्ष कशावर तरी लावून पाहावे म्हणून त्यांनी जुनी नाणी तोलावयास घेतली. हातोहात फिरून नाणे किती झिजते, त्यावरून ते किती काळ चलनात होते, असा तो हिशेब. नाणी पाडली कोणी हे पाहता पाहता गणिती इतिहासात उतरला. १९५६ साली प्राचीन भारताच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि त्या विषयाची चर्चाच बदलली. ते डोंगर पायी हिंडत, वाटेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडांची चौकशी करीत, गुराख्यांशी बोलत. गणितातल्या काही लोकांना वाटे की हा आता आमच्यातला राहिला नाही. इतिहासातल्या काहींना वाटे की हा आमच्यात कधी नव्हताच. ही वर्ग बदलल्याची किंमत.

इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या, बर्लिनच्या डॉक्टर. माणसांच्या कवट्या मोजण्याचे शास्त्र शिकून आलेल्या. त्यांचे 'युगान्त' १९६७ साली आले आणि ते वाङ्मय म्हणून वाचले गेले, आजही वाचले जाते. दुर्गाबाई भागवतांचे लोकसाहित्य, ललित निबंध आणि आणीबाणीतला तुरुंगवास हे तर आपणांस ठाऊकच आहे. नावे वाढविण्याची गरज नाही.

मात्र एक नाव आपल्या परिसराचे आहे, त्यापाशी थांबणे भाग आहे. आम्ही ज्या खेळाविषयी बोलत होतो त्याच्या १९७८ सालच्या पुस्तकात 'बार्ड' नावाचा एक वर्ग आला. बार्ड म्हणजे शाहीर म्हणा. पण हा वर्ग एकदम घेता येत नसे. प्रथम योद्धा म्हणून काही पायऱ्या चढावयाच्या, मग ते सोडून चोर म्हणून काही पायऱ्या चढावयाच्या, आणि त्यानंतर रानात राहणाऱ्या पुरोहितांपाशी, आपल्याकडल्या भाषेत भगतांपाशी म्हणू या, शिकावयास राहावयाचे; तेव्हा कोठे गाण्याचा अधिकार. नियम वाचताना आम्हांस गोदूताई परुळेकरांची आठवण झाली. १९०७ साली पुण्यात एका वकिलाच्या घरी जन्म, फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र, मग कायद्याची पदवी. त्या काळी कायदा शिकलेली बाई म्हणजे नवलच. सनद घेऊन त्या कोर्टात उभ्या राहत्या तर 'पहिल्या स्त्री वकील' अशी पाटी लागून सगळे सुरळीत झाले असते. त्या आल्या उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला. त्याची झळ जव्हार-मोखाड्यापर्यंत आली. मग हद्दपारी, भूमिगत राहणे, रात्रीच्या वेळी पाड्यापाड्यांतून लपतछपत फिरणे आणि तुरुंग. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली निघाले तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. योद्धा, चोरपावलांनी चालणारा, रानात शिकणारा आणि मग लिहिणारा, हा क्रम एका पुस्तकातल्या नियमासाठी कोणी कल्पनेने रचला. आपल्या डोंगरात एक बाई तो क्रम जगून गेल्या होत्या.

ह्यावर कोणी म्हणेल, धर्मानंदांना मासिक तरी मिळाले, गोदूताईंना फर्ग्युसन मिळाले. ज्यास काहीच मिळाले नाही त्याने काय करावे? रास्त प्रश्न आहे. २०११ सालच्या 'डार्क सोल्स' नावाच्या एका जपानी खेळात त्याचाही वर्ग आहे. त्या वर्गाचे नाव मराठीत सांगावयाचे तर 'वंचित'. इतरांस चिलखत, धनुष्य, मंत्राची काठी. ह्यास नेसूच्या फडक्याखेरीज एक दांडके आणि फळकुटाची ढाल. त्याचे सगळे गुण सारखे, प्रत्येकी ११. एकाही बाबतीत विशेष नाही आणि एकाही बाबतीत अगदी कमी नाही. आणि त्या खेळाची खुबी अशी की, वर्ग फक्त आरंभापुरता. पुढे वंचिताने मंत्र शिकावा, योद्ध्याने पूजा शिकावी, कोणास कशाची मनाई नाही. द्रोणाचार्यांनी जी अट एकलव्यास घातली ती ह्या खेळात नाही.

आपल्याकडे असा मनुष्य झाला. नारायण सुर्वे हे मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल. एका गिरणी कामगाराने त्यांस उचलून घरी नेले आणि आपले नाव दिले. गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ साली आला. ज्या शाळेच्या वर्गात घंटा वाजवावयाची त्याच वर्गात खडू घेऊन उभे राहणे, आणि पुढे आपल्याच कविता विद्यापीठाच्या परीक्षेत नेमल्या जाणे, एवढा पल्ला त्यांनी गाठला. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तथापि एक गोष्ट विसरू नये. ते कवी झाल्याबरोबर आम्ही समीक्षकांनी त्यांच्या पुढे 'कामगार' हा शब्द जोडून टाकला. ब्राह्मण प्राध्यापकाने लिहिली तर ती नुसती कविता. गिरणीतल्या माणसाने लिहिली तर ती कामगार कविता. उद्या ह्या सभागृहातला एखादा वारली किंवा कोकणा मुलगा लिहू लागेल तेव्हा आम्ही त्याच्यासाठी 'आदिवासी कवी' ही पाटी रंगवून तयारच ठेवली आहे. मग त्याने जंगलावर लिहावे, भुकेवर लिहावे. त्याने प्रेमावर किंवा गणितावर लिहिले तर आम्ही म्हणू, ह्याची नाळ तुटली. खेळातला वर्ग खेळणारा स्वतः निवडतो. येथे तो दुसऱ्याने चिकटविलेला असतो.

आणि एवढ्यावरच भागत नाही. खेळात आणखी एक माणूस असतो. आमच्या नातवाने तो दाखविला तेव्हा आम्ही त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. गावाच्या वेशीशी तो उभा असतो. त्यास वर्ग नाही, गुण नाहीत, पायऱ्या नाहीत. नायक येतो, त्याच्याशी बोलतो, तो सांगतो, "उत्तरेकडच्या गुहेत राक्षस आहे." पुन्हा विचारले, पुन्हा तेच वाक्य. नायक माहिती घेऊन निघून जातो, मोठा होतो, सोने मिळवतो. तो गावकरी तेथेच. आम्ही नातवास विचारले, "हा कोण?" तो म्हणाला, "कोणी नाही आबा. हा फक्त माहिती द्यायला असतो."

बंधुभगिनींनो, जव्हार आणि मोखाडा ह्या दोन तालुक्यांना विद्येच्या जगात फार काळ हेच काम मिळाले आहे. माहिती द्यावयाची. ह्या भागातल्या लोकांवर ग्रंथ झाले आणि त्यांतले काही चांगले आहेत; के. जे. सावे ह्या मामलेदारांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४५ साली निघाले, म्हणजे ज्या वर्षी वारली उठले त्याच वर्षी, आणि त्यातली माहिती आजही उपयोगी पडते. १९९२ साली वावर-वांगणीची मुले दगावली आणि जव्हार-मोखाडा हे नाव साऱ्या देशात गेले. त्यानंतर अहवाल, प्रबंध, पाहण्या ह्यांची रीघ लागली. मुलांचे वजन झाले, दंडाचा घेर मोजला, आकडे छापले. ते करावयास नको होते असे नव्हे; त्यातून काही योजना निघाल्या, काही मुले वाचली. पण ह्या मुलखास विद्येच्या पुस्तकात एकच सोंग मिळाले, कुपोषिताचे. दुसरे कोणी नाचवू दिले नाही.

हे आम्ही दुसऱ्यावर ढकलून मोकळे होत नाही. १९७९ साली आम्ही स्वतः वही, पेन्सिल आणि एक उसना कॅमेरा घेऊन मोखाड्याच्या एका पाड्यावर आलो. विषय बोहाडा. मुक्काम मिळून पंधरा-वीस दिवसांचा असेल. एका घरी उतरलो. घरधनी पन्नाशीचा, नाचणीचे शेत, दोन बैल. गावच्या बोहाड्यात रावणाचे सोंग त्यांच्या घराण्याकडे होते. आम्ही विचारीत गेलो, ते सांगत गेले. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता कागदाच्या लगद्याचे करतात. संबळ कसा वाजतो, टेंभे कसे धरतात, गणपतीचे सोंग आधी का, जगदंबा आणि महिषासुर शेवटी का. कोंबडा आरवेपर्यंत ते सांगत. तांदळाची भाकरी आणि उडदाची आमटी आम्ही त्यांच्याकडे खाल्ली. निघताना त्यांनी विचारले, "मास्तर, ह्या वहीचं तुम्ही काय करणार?" आम्ही म्हटले, "पुस्तक होईल, तुम्हांस पाठवून देऊ."

प्रबंध झाला. पदवी मिळाली, पदवीवर नोकरी मिळाली, नोकरीत पायऱ्या चढलो. प्रबंधात त्या गृहस्थांचे नाव नाही. तेथे 'माहितीदाता क्र. ७' असे लिहिले आहे. तशीच पद्धत होती. मार्गदर्शकांनी सांगितले, आम्ही लिहिले, आणि त्यात काही चुकते आहे असे कोणालाच वाटले नाही. पुस्तक पाठविले नाही. दर वर्षी पाठवू म्हणत राहिलो. १९९२ साली वर्तमानपत्रात ह्या भागाची नावे वाचली तेव्हा जावे असे वाटले, पण गेलो नाही. त्यास कारण देता येईल, परंतु देण्यासारखे नाही.

ज्या बोहाड्यावर आम्ही डॉक्टर झालो त्याचा अर्थ आम्हांस त्या वेळी कितपत कळला होता, हीही शंकाच आहे. आम्ही लिहिले की बोहाडा हे सोंगांचे नृत्यनाट्य आहे. ठीक आहे. पण त्या रात्रींचे खरे नवल आम्ही टिपलेच नव्हते. दिवसा जो नांगर धरतो तो रात्री रावण होऊन संबळाच्या तालावर टेंभ्यांच्या उजेडातून पुढे येतो, आणि सकाळी पुन्हा नांगर धरतो. मुखवटा उतरवून ठेवला की रावण त्याच्या अंगाला चिकटून राहत नाही. ज्या गावात जशी रीत असेल तसा सोंगाचा मान घराण्याकडे असतो किंवा लिलावात मिळतो. म्हणजे तेथेही सगळे मोकळे आहे असे नाही, आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण वेशीशी उभा राहून फक्त माहिती देणारा गावकरी बोहाड्यात कोणीच नसतो. जो पाहावयास बसला आहे त्याच्या घरचेच कोणी तरी थोड्या वेळाने सोंग घेऊन येणार असते. आम्ही प्राध्यापक मंडळी मात्र एकदा मुखवटा चढविला की झोपतानासुद्धा काढीत नाही. निवृत्तीनंतरही दारावर 'प्रा.' तसेच.

शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांचे उदाहरण येथे दिले पाहिजे. लग्नाचा चौक लिहिणे हे वारल्यांत सुवासिनींचे काम. ह्या पुरुषाने सण नाही, लग्न नाही, अशा दिवशीही चित्रे काढावयास घेतली, आणि जे देवाच्या कार्यापुरते भिंतीवर लिहिले जाई ते कागदावर व कापडावर येऊन जगभर गेले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते वारले. बाहेरच्या जाणत्यांनी त्यांस पुढे आणले हे खरे. पण चौकाची रीत सोडून पहिली रेघ ओढली ती त्यांनी. त्या वेळी ते कोणाचे माहितीदाता नव्हते.

आता शेवटची हकीकत सांगून आपली रजा घेतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही तो पाडा शोधीत गेलो. रस्ता डांबरी झाला आहे, वीज आली आहे. आमचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांची नात भेटली. ती महाविद्यालयात मराठी घेऊन शिकते. आम्ही प्रबंधाची एक प्रत बरोबर नेली होती, चाळीसहून अधिक वर्षे उशिराने. ती तिच्या हाती दिली. सातवा माहितीदाता म्हणजे तिचा आजा, हेही सांगितले. तिने उंबऱ्यावर बसूनच पाने चाळली. म्हणाली, "सर, ठेवू का काही दिवस?" आम्ही म्हटले, "तुझीच आहे."

दोन महिन्यांनी टपालाने एक पाकीट आले. आत वहीची पाने. तिने गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, आत्याला विचारून, आमच्या प्रबंधातल्या चुका काढल्या होत्या, एकूण सतरा. पृष्ठांचे आकडे घालून, शेजारी बरोबर काय ते लिहून. काही शब्दांच्या होत्या, काही नात्यांच्या होत्या, दोन ठिकाणी आम्ही सोंगांचा क्रम उलटा लिहिला होता. ज्या प्रबंधास परीक्षकांनी एकही चूक न काढता मान्यता दिली होती त्याची ही अवस्था. आमच्या नातवास ते पत्र दाखविले तेव्हा त्याने विचारले, "हिचा क्लास कोणता?" आम्ही सांगितले, "तिने अजून सांगितलेले नाही."

सतरावी चूक छायाचित्राची होती. प्रबंधात एकच छायाचित्र आहे : टेंभ्यांच्या उजेडात रावणाचे सोंग, आणि खाली आम्ही छापले आहे, 'माहितीदाता क्र. ७'. तिने लिहिले होते की हा माझा आजा नाही. त्या वर्षी बोहाड्याच्या रात्री आज्याला ताप भरला होता, म्हणून रावण त्याच्या धाकट्या भावाने नाचवला. आजा घरात घोंगडी पांघरून पडला होता, आणि संबळ ऐकत होता.